पान ४४९ आणि पान ४५२ : ढोलाचा ठोका, मेंदूची लहर आणि एका निबंधाचे प्रकरण

१९६१ साली ‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी अँड क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी’ या नियतकालिकाच्या तेराव्या खंडात दोन छोटे शोधनिबंध एकापाठोपाठ एक छापले गेले. पान ४४९ वर सुरू होणारा पहिला निबंध अँड्र्यू नेहर यांचा असून तो जेमतेम तीन पानांचा आहे. ढोलाचे ठोके ठरावीक गतीने ऐकवले तर निरोगी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी त्या गतीमागोमाग चालू लागतात, असे त्यात मांडले होते. तो संपला की पान ४५२ वर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांचा निबंध सुरू होतो. त्यांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख काढले होते, आणि समाधीत बसलेल्या योग्याच्या आलेखावर बाहेरच्या उद्दीपनाचा नेहमीचा परिणाम दिसत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. एका निबंधात आवाज मेंदूला आपल्यामागे ओढून नेतो आणि पान उलटताच मेंदू आवाजाला दाद देत नाही.

आज मोबाइलवर ‘थीटा’, ‘डेल्टा’, ‘गॅमा’ अशी नावे लावून जे ध्यानसंगीत ऐकवले जाते, त्यामागचा युक्तिवाद मुळात पान ४४९ च्या वळणाचा आहे: ध्यानात अमुक गतीची लहर दिसते, म्हणून त्या गतीचा नाद कानावर घातला की मेंदूत ती लहर उमटेल आणि लहर उमटली की ध्यान लागेल. हा युक्तिवाद कुठवर टिकतो आणि कोणत्या पायरीवर निसटतो, हे नेहर यांच्या एका प्रकरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके नंतरच्या मोठ्या यंत्रांच्या प्रयोगांवरूनही दिसत नाही, असे मला वाटते. म्हणून येथे तेच एक प्रकरण सविस्तर घेतले आहे.

आलेखावर नेमके काय दिसते

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युतक्रिया प्रथम टिपली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून या लहरींची विभागणी त्यांच्या गतीवरून होते. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तने असली तर डेल्टा, चार ते आठ असली तर थीटा, आठ ते तेरा असली तर अल्फा, त्यापुढे तीसपर्यंत बीटा आणि तीसच्या वर गॅमा. ही गतीची नावे आहेत, मनःस्थितीची नव्हेत, आणि हा भेद पुढच्या सगळ्या चर्चेत कामास येणार आहे. एकच थीटा गती पेंगणाऱ्या माणसात दिसते, लहान मुलात जागेपणीही दिसते, मनातल्या मनात अवघड हिशेब करणाऱ्याच्या कपाळामागच्या भागात दिसते आणि मेंदूच्या काही आजारांतही दिसते. केवळ ‘थीटा दिसली’ एवढ्यावरून समोरचा माणूस ध्यानात आहे, झोपेत आहे की गणित सोडवतो आहे, हे कोणताही अनुभवी वाचक सांगणार नाही.

मी काही वर्षे एका रुग्णालयाच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढण्याच्या, खोलीत काम केले आहे. टेपने डोके मोजायचे, पेन्सिलीने खुणा करायच्या, त्या जागची त्वचा घासून पेस्ट लावायची आणि एकेक इलेक्ट्रोड चिकटवायचा, यातच निम्मा वेळ जातो. नंतर रुग्णाला डोळे मिटायला सांगितले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर अल्फाची सुरेख, एकसारखी नक्षी उमटते. डोळे उघडले की ती मावळते. कागदाच्या काळातील नेहमीचा वेग सेकंदाला ३० मिलिमीटर होता, म्हणजे सेकंदाला सहा आवर्तनांची लहर दर पाच मिलिमीटरांवर एक डोंगर उभा करते. तिची उंची मात्र व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांची असते. इतक्या क्षीण संकेताच्या शेजारी जबड्याचा एक स्नायू आवळला, पापणी लवली किंवा एखादी तार हलली, तरी कागदावर त्याहून मोठी लाट उठते. नेहर यांच्या आलेखाकडे वळताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

नेहर यांचा दावा

ठोक्याने मेंदू चालवता येतो, ही कल्पना नेहर यांना प्रकाशाच्या प्रयोगांवरून सुचली. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये लुकलुकता प्रकाश डोळ्यांवर सोडून दाखवले होते की डोक्याच्या मागच्या भागातील लहर त्या लुकलुकण्याच्या गतीला जुळते. १९४० च्या दशकात ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोब दिव्याने हेच काम पुढे नेले. त्यांच्या प्रयोगांतील काही लोकांना रंग, आकृत्या आणि चमत्कारिक संवेदना जाणवल्या, आणि अपस्माराची प्रवृत्ती असलेल्यांना झटकेही आले. आजही कोणत्याही रुग्णालयात ईईजी काढताना लुकलुकता दिवा दाखवला जातो तो याच कारणासाठी. तेव्हा प्रकाशाने जे होते ते आवाजाने का होऊ नये, हा नेहर यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

आवाजासाठी त्यांनी ढोल निवडला, आणि त्यामागचे त्यांचे कारण वाचण्यासारखे आहे. ढोलाच्या एका ठोक्यात एकच स्वर नसतो, अनेक कंपनसंख्यांचा गोळा असतो. त्यामुळे श्रवणाचे अनेक मार्ग एकाच वेळी जागे होतात आणि मेंदूचा मोठा भाग उद्दीपित होतो. शिवाय ढोलाचा जोर खालच्या कंपनसंख्यांवर असतो. खालच्या आवाजांचे ग्राहक कानात अधिक दणकट असतात, वेदना होण्याआधी ते मोठा आवाज सोसतात, म्हणून ढोलाच्या वाटेने मेंदूपर्यंत जास्त ऊर्जा पोहोचवता येते. नेहर यांनी सेकंदाला तीन ते आठ या पट्ट्यातील ठोके ऐकवले, श्रवणाशी संबंधित भागावरून आलेख घेतले, आणि ठोक्यांच्या गतीशी जुळणारे प्रतिसाद मिळाल्याचे नोंदवले. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी वेगळ्या संवेदनाही सांगितल्या.

एवढ्यावर ते थांबले असते, तर हा निबंध श्रवणविज्ञानाच्या इतिहासातील एक लहानशी नोंद ठरला असता. पण पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ‘ह्यूमन बायॉलॉजी’त त्यांनी दुसरा निबंध लिहिला आणि त्यात सायबेरिया, आफ्रिका, हैती आणि इंडोनेशिया येथील ढोल वाजवून होणाऱ्या विधींचे शारीरिक स्पष्टीकरण दिले. श्रवणाच्या भागात थीटा गती ठळक असते, विधींतील ढोलही बहुधा सेकंदाला चार ते सात ठोक्यांच्या आसपास चालतो, म्हणून ढोल मेंदूच्या त्या लहरीला चालवतो आणि माणसाचे भान हरपते, असा त्याचा सारांश होता. पुढच्या सहा दशकांत लोकांनी जे उचलले ते या दुसऱ्या निबंधातून. पहिला केवळ पुराव्याची पावती म्हणून दाखवला गेला.

ठोका, कडी आणि झोपाळा

पहिली अडचण शब्दाची आहे. नेहर यांनी जे पाहिले त्याला त्यांनी ‘चालवणे’ म्हटले. आता समजा, मी तुमच्या दाराची कडी सेकंदाला चार वेळा वाजवली आणि घरात बसून तुम्ही ती ऐकली. तुमच्या घरात सेकंदाला चार आवाज झाले हे खरे. पण म्हणून तुमच्या घराला चारची लय लागली असे कोणी म्हणत नाही. झोपाळ्याचे तसे नाही. झोपाळ्याला स्वतःचा एक झोका असतो. त्याच्या जवळपासच्या गतीने ढकलत राहिलो तर तो आपल्या ढकलण्याशी जुळतो, आणि हात काढून घेतला तरी काही वेळ झुलत राहतो. मेंदूत या दोन्ही गोष्टी घडू शकतात. प्रत्येक आवाजाला श्रवणाच्या भागातून एक ठरावीक आकाराचा प्रतिसाद उठतो, आवाजानंतर साधारण शंभर मिलिसेकंदांनी त्यातील एक मोठी लाट येते, आणि ती कडीसारखी आहे. मेंदूची आधीच चालू असलेली लहर बाहेरच्या लयीशी जुळणे म्हणजे झोपाळा. त्यालाच ‘एन्ट्रेनमेंट’ म्हणतात. नुसता आलेख पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. ठोका थांबल्यावर लहर चालू राहते का, आणि मूळच्या गतीपासून दूरच्या ठोक्यांना प्रतिसाद क्षीण होतो का, हे तपासल्याशिवाय ‘चालवणे’ हा शब्द वापरणे घाईचे ठरते.

गणिताचीही एक गंमत येथे आहे. सेकंदाला चार वेळा तोच प्रतिसाद उठत राहिला, तर त्या आलेखात कोणती गती किती जोरात आहे याचे पृथक्करण करताना चारवर शिखर दिसणारच. एवढेच नव्हे, प्रतिसादाचा आकार गुळगुळीत नसल्याने आठवर आणि बारावरही शिखरे दिसतील. म्हणजे त्याच ढोलाला एकजण ‘थीटा संगीत’ म्हणून विकेल आणि दुसरा, आलेखातील आठ ते तेराच्या पट्ट्याकडे बोट दाखवून, ‘अल्फा संगीत’ म्हणून विकेल. दोघांच्याही हातात खरा आलेख असेल. उलट, ठोके जवळजवळ आले की प्रत्येक ठोक्याचा प्रतिसाद लहान होत जातो, कारण त्या शंभर मिलिसेकंदांच्या लाटेला पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. सेकंदाला आठ ठोके म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांनी एक. इतक्या दाटीत मेंदूची वरची पातळी त्या ठोक्यांकडे अधिकाधिक नव्हे, तर कमी-कमी लक्ष देऊ लागते.

दुसरी अडचण तारांची आहे. ढोल हे जोराने हवा हलवणारे वाद्य आहे आणि माणसाचे शरीर त्याला नकळत साथ देते. आमच्या रुग्णालयाखालून विसर्जनाची मिरवणूक जात असताना एका रुग्णाचा ईईजी चालू होता. टाळणे शक्य नव्हते. खिडकीची काच प्रत्येक ठोक्याला खुळखुळत होती. पडद्यावर पाहिले तर कपाळावरच्या दोन्ही तारांत ढोलाच्या गतीने लाटा उठत होत्या, आणि एखाद्या नवख्याला वाटले असते की मेंदूने ताल धरला. मग मी उशीवरून लोंबणारा तारांचा झुबका हाताने धरून ठेवला आणि रुग्णाला जबडा सैल सोडायला सांगितले. अर्ध्याहून अधिक लाटा तिथल्या तिथे गेल्या. उरलेल्या पापण्यांच्या होत्या. तो ठोक्यागणिक पापण्या घट्ट मिटत होता. एका आलेखावरून शास्त्र सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही, पण नेहर यांच्या निबंधावर नंतरच्या अभ्यासकांनी हालचालीच्या खोट्या संकेतांचा जो आक्षेप घेतला, त्याचे वजन मला त्या संध्याकाळी प्रत्यक्ष कळले.

कोणता ठोका मोजायचा?

१९८० मध्ये फ्रेंच संगीतमानववंशशास्त्रज्ञ जिल्बेर रुजे यांनी संगीत आणि भानहरण यांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात नेहर यांचा सविस्तर समाचार घेतला. त्यांचा सगळ्यात गाजलेला टोला असा की, नेहर बरोबर असते तर निम्मा आफ्रिका वर्षाच्या आरंभापासून अखेरपर्यंत भान हरपलेल्या अवस्थेतच असता. टोला चटपटीत आहे, पण त्यामागचे मुद्दे गंभीर आहेत. प्रयोगशाळेतील ठोका यंत्रासारखा एकसुरी असतो, तर विधीतील वादन थांबते, वळते, चढते आणि एकदम लय तोडते. बरेचदा भान हरपते ते नेमके त्या बदलाच्या क्षणी. आणि वादक तर सगळ्यांपेक्षा जवळून, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ तो आवाज ऐकतो, तरी तो सहसा भानावरच असतो.

मराठी वाचकाला हे समजायला आफ्रिकेपर्यंत जावे लागत नाही. गोंधळात संबळ रात्रभर घुमतो, अंगणात बसलेले सगळे तोच संबळ ऐकतात, पण वारे येते ते दोघा-चौघांनाच, आणि तेही बहुधा पोत पेटल्यावर, ‘उदे गं अंबे उदे’चा गजर चढल्यावर, देवीचे नाव घेऊन कोणी सामोरे आल्यावर. ज्यांना येते त्यांची नावे गावाला आधीपासून ठाऊक असतात. संबळ वाजवणाऱ्याच्या अंगात आलेले मी तरी कधी पाहिलेले नाही. तो समोरच्याच्या हालचालीवर नजर ठेवून लय चढवत असतो, आणि त्याचे भान गेले तर गोंधळच मोडेल. ठोका हा एकमेव कारक असता, तर गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाची तीच गत झाली असती.

त्यातच मोजणीचा प्रश्न आहे, आणि तो मला नेहर यांच्या दुसऱ्या निबंधातील सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. एका ढोल-ताशा पथकाच्या सरावाचे ध्वनिमुद्रण मी संथ करून मोजले. ढोलाच्या हातातील मुख्य टोल सेकंदाला दोनच्या आसपास पडत होते, त्यामधल्या थाप्या धरल्या तर चार-पाच, आणि ताशाची तर्री सेकंदाला दहाच्या वर जात होती. आता यातील ‘विधीची गती’ कोणती? टोल मोजला तर डेल्टा, थापी मोजली तर थीटा, तर्री मोजली तर अल्फा. चार ते सातच्या पट्ट्यात बसणारी एखादी गती कोणत्याही भरगच्च वादनात सापडतेच. ती सापडली म्हणून तीच कारण ठरत नाही.

पान ४५२

आता शेजारचा निबंध. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाधीचा अभ्यास करणाऱ्या चार योग्यांचे आलेख घेतले. समाधीबाहेर असताना प्रकाश, आवाज, उष्ण स्पर्श, कंपन यांपैकी काहीही दिले की त्यांची अल्फा लहर इतर कोणाही माणसाप्रमाणे मोडत होती. समाधीत मात्र अल्फा अधिक ठळक झाली आणि त्याच उद्दीपनांनी ती मोडली नाही. आणखी दोन योगी ४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून बसू शकत होते. त्यांचीही अल्फा सर्व वेळ टिकून राहिली. माणसे थोडी होती आणि आजच्या मापाने पाहता या अभ्यासालाही तुलनेचा गट नव्हता, हे मान्यच करायला हवे. पुढे १९६६ मध्ये जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर असाच अभ्यास केला तेव्हा आवाजाला प्रतिसाद मिळत राहिल्याचे दिसले; म्हणजे सगळ्या ध्यानांचे आलेखही सारखे नाहीत.

तरीही ही दोन पाने एकत्र वाचली की प्रश्नाची मांडणीच बदलते. दिल्लीच्या योग्यांना कोणी अल्फाच्या गतीचा नाद ऐकवला नव्हता. त्यांच्या आलेखावरची लहर वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची खूण होती. खूण आणि कारण यांची अदलाबदल करणे, म्हणजे ताप आलेल्याच्या काखेत थर्मामीटरचा पारा चढतो, म्हणून थर्मामीटर गरम पाण्यात बुडवून ताप आणण्यासारखे आहे. ध्यानसंगीताच्या जाहिरातीत नेमकी हीच अदलाबदल होते, आणि ती करणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण पान ४४९ हाताशी असते.

नंतरचे प्रयोग

नेहर यांची कल्पना अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकल हार्नर यांच्यासारख्यांनी पाश्चात्त्य देशांत रुजवलेल्या शमन-साधनेत जिवंत राहिली (शमन म्हणजे भानाबाहेर जाऊन आत्म्यांशी संवाद साधणारा मांत्रिक); तिथे सेकंदाला चारच्या आसपासचा एकसुरी ढोल ऐकत पडून राहणे हीच साधना असते. त्यामुळे पुढच्या संशोधकांना प्रयोगासाठी तयार माणसे मिळाली. २०१४ मध्ये गिंग्रास आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या विषयाला थेट भिडतो. त्यांनी ३९ जणांना एकसुरी ढोल किंवा वाद्यांचे ध्यानसंगीत ऐकवले आणि त्याबरोबर दोनपैकी एक सूचना दिली: मनाने प्रवासाला निघा, किंवा नुसते सैल होऊन पडा. लाळेतील कॉर्टिसॉल हा ताणाचा निदर्शक सगळ्याच गटांत उतरला. ढोलाने ध्यानसंगीतापेक्षा अधिक उतरला नाही. पण शरीर जड वाटणे, स्वप्नासारखे दिसणे असे अनुभव अधिक आले ते ढोल आणि प्रवासाची सूचना हे दोन्ही एकत्र मिळालेल्यांना. गोंधळाच्या अंगणात जे दिसते तेच येथे आकड्यांत उतरले आहे.

२०१६ मध्ये मायकल होव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘सेरेब्रल कॉर्टेक्स’मध्ये १५ अनुभवी शमन-साधकांचा एमआरआय अभ्यास मांडला. आठ-आठ मिनिटांच्या तपासणीत ढोल दोन्ही वेळा वाजत होता. एकदा साधकांनी भानाबाहेर जायचे होते, एकदा भानावर राहायचे होते. मेंदूच्या भागांची आपसातील जुळणी या दोन वेळांत वेगळी दिसली. साधकाने ठरवल्यावर तो भानाबाहेर जाऊ शकत होता आणि ठरवल्यावर भानावर राहूही शकत होता. कानावर पडणाऱ्या ठोक्याची हुकमत सक्तीची असती, तर ही निवड त्याच्या हाती उरली नसती.

मला मात्र सगळ्यात आवडलेला प्रयोग २०११ चा, सिल्वी नोझारादान आणि सहकाऱ्यांचा आहे, आणि ज्याने तबल्याच्या ठेक्यावर हाताने ताल धरला आहे त्यालाही तो आवडेल. त्यांनी सेकंदाला २.४ या गतीचा एकसारखा ठोका ऐकवला. आलेखात २.४ वर शिखर आले, ते अपेक्षितच होते. मग ऐकणाऱ्यांना सांगितले की, याच ठोक्यावर मनातल्या मनात दोन-दोनचा ताल धरा, तेव्हा १.२ वर नवे शिखर उगवले. तीन-तीनचा ताल धरायला सांगितल्यावर ०.८ वर उगवले. आवाज तोच होता. त्यात ना सम होती, ना टाळी, ना खाली. ती ऐकणाऱ्याने आपल्या मनाने घातली आणि ती मेंदूच्या आलेखावर उमटली. नेहर यांच्या प्रयोगात माणूस हा केवळ ठोका झेलणारा होता. या प्रयोगात तो तालाचा अर्धा भागीदार निघाला.

बायनॉरल बीट्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आजचे बहुतेक ‘थीटा’ संगीत त्याच तत्त्वावर असते. एका कानात समजा २०० आणि दुसऱ्यात २०६ हर्ट्‌झचा (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला आवर्तने) स्वर सोडला की सहाच्या गतीची आंदोलने ऐकू येतात. ती हवेत नसतात, दोन्ही कानांच्या वाटा मस्तिष्कस्तंभात एकत्र येतात तेथे तयार होतात. एकोणिसाव्या शतकात डोव्हे यांनी हे नोंदवले आणि १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखाने ते लोकांपर्यंत गेले. दोन कानांना दोन वेगळे स्वर मिळणे ही त्याची पहिली अट आहे. घरातल्या एकाच ब्लूटूथ स्पीकरवर ते लावले की दोन्ही स्वर हवेतच मिसळतात, आणि मग ऐकू येतात ती साधी आंदोलने. कित्येक घरांत ते असेच लावलेले असते, आणि ‘मला फरक पडला’ असेही सांगितले जाते. २०२० मध्ये ओरोस्को पेरेस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारांची तुलना केली तेव्हा साध्या आंदोलनांनीच मेंदूत अधिक ठळक प्रतिसाद उठला, आणि मनःस्थिती कोणत्याच प्रकाराने बदलली नाही. २०२३ मध्ये इंगेनडोह आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतील ५ बायनॉरल बीट्समुळे मेंदूच्या लहरी जुळतात या कल्पनेच्या बाजूने होते, ८ विरुद्ध आणि एकाचे निष्कर्ष संमिश्र होते.

याचा अर्थ ध्यानसंगीत ऐकून कोणाला बरे वाटत नाही, असा नाही. संथ, अनपेक्षित वळणे नसलेले संगीत श्वास संथ करते, लक्ष एका जागी बसवते, बाहेरचे आवाज झाकते आणि रोज ठरल्या वेळी डोळे मिटून वीस मिनिटे बसायला निमित्त देते. या सगळ्याने अल्फा वाढू शकते. तानपुरा लावून डोळे मिटले तरी वाढते, आणि त्यातील निम्मे काम डोळे मिटण्यानेच होते. माझा आक्षेप संगीताला नाही, लेबलला आहे. डबीवर ‘६ हर्ट्‌झ’ लिहिल्याने आत औषध भरले जात नाही.

बाळाची झोप

मेंदू लयीमागोमाग जातो, या नेहर यांच्या मूळ निरीक्षणाचा खरा उपयोग अखेर भलत्याच खोलीत झाला. १९८१ मध्ये रॉबर्ट गॅलम्बोस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सेकंदाला चाळीसच्या आसपास आवाज दिले की डोक्यावरून त्याच गतीचा ठळक, स्थिर प्रतिसाद मिळतो. त्यावरून पुढे श्रवणचाचणीची एक पद्धत तयार झाली. बोलता न येणाऱ्या, ‘ऐकू आले की हात वर कर’ हे न कळणाऱ्या तान्ह्या बाळाला अमुक स्वर ऐकू येतो की नाही, हे त्या स्वराचा जोर ठरावीक गतीने कमीजास्त करून आणि त्या गतीचा प्रतिसाद मेंदूतून मिळतो का ते पाहून ठरवतात. झोपेत चाळीसचा प्रतिसाद क्षीण होतो, म्हणून बाळांसाठी ८० ते १०० ची गती वापरतात.

ही गती गॅमाच्या पट्ट्यातील आहे. ध्यानसंगीताच्या दुकानात गॅमावर ‘तल्लख जागरूकता’ अशी पाटी असते. चाचणीच्या खोलीत मात्र दिवे मंद केलेले असतात, आईला आधीच सांगितलेले असते की बाळाला जागे ठेवून आणा आणि इथे आल्यावर दूध पाजून निजवा, आणि मग त्या निजलेल्या जिवाच्या कानात इवलासा प्रोब बसवून आवाज सुरू करतात. संगणकावर मेंदूचा प्रतिसाद सेकंदाला नव्वदच्या गतीने ठोक्यामागोमाग बरोबर चालत असतो, आणि बाळ आईच्या कुशीत गाढ झोपलेले असते. ते हलले, कुरकुरले, डोळे उघडून इकडेतिकडे पाहू लागले, की त्याच्या स्नायूंच्या लाटा आलेख भरून टाकतात, आणि ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, चाचणी थांबवून ते पुन्हा झोपण्याची वाट पाहते.